एका तारकेचा प्रवास : मेंदूपासून मजकुरापर्यंत

एखाद्या लांबलचक मजकुरात 'शाळा' हा शब्द कुठे कुठे आला आहे ते संगणकाला शोधायला सांगा. तो 'शाळा' दाखवील, 'शाळांना'ही दाखवील. पण 'शाळेत', 'शाळेचा', 'शाळेपासून' यांपैकी एकही दाखवणार नाही. यात संगणकाचे काही चुकलेले नाही. आपण त्याला एक ठरावीक अक्षरमालिका दिली आणि त्याने तीच शोधली. मराठी शब्द प्रत्यय लागण्याआधी आपले रूप बदलतो, हे त्याला कोण सांगणार?

आपल्याला खरे तर असे म्हणायचे असते : "आधी 'शाळ', मग काना किंवा मात्रा, मग काय हवे ते." हे एका शब्दाचे नाव नव्हे. हे अनेक शब्दांचे एकत्रित वर्णन आहे. असे वर्णन नेमकेपणाने लिहिण्यासाठी संगणकशास्त्रात एक चिन्हलिपी आहे. तिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. या लेखापुरते आम्ही तिला 'नमुनासूत्र' म्हणणार आहोत.

चिन्हे मोजकीच आहेत. टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर. उभी रेघ म्हणजे 'किंवा'. चौकटी कंस म्हणजे 'आतल्यांपैकी कोणतेही एक'. आणि तारका म्हणजे 'माझ्या आधी जे आहे ते कितीही वेळा, अगदी शून्य वेळासुद्धा'. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेला पिनकोड घ्या. महाराष्ट्र आणि गोव्यातले पिनकोड ४० ते ४४ यांपैकी एका जोडीने सुरू होतात. म्हणजे पत्त्यांच्या यादीतून ते वेचण्याचे सूत्र झाले

४[०-४][०-९][०-९][०-९][०-९]

फक्त गोव्याचे हवे असतील तर पहिले तीन अंक ४०३ असे ठेवावे लागतील. मजकूर-संपादनाच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये 'शोधा आणि बदला'च्या खिडकीत हे सूत्र चालते. त्यासाठी तिथला एक पर्याय तेवढा निवडावा लागतो.

इतकी संक्षिप्त लिपी पाहिली की आपल्यापैकी अनेकांना पाणिनीची आठवण येईल. संक्षेपाची आवड दोन्हीकडे आहे हे खरे, पण या तारकेची वंशावळ तिकडे जात नाही. ती जाते मेंदूतल्या चेतापेशींकडे.

चेतापेशींचे तर्कशास्त्र

१९४३ साली वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स या दोघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. मॅकलक हे शिकागोत काम करणारे, मज्जासंस्थेचा अभ्यास करणारे डॉक्टर होते. पिट्स होता विशीतला तरुण. विद्यापीठात रीतसर नाव न घालताच तो व्याख्यानांना जाऊन बसत असे आणि काही काळ तो मॅकलक यांच्याच घरी राहत होता. दोघांचा प्रश्न असा : चेतापेशी एक तर संदेश पाठवते किंवा पाठवत नाही, अर्धवट असे काही नसते. मग ती 'खरे' आणि 'खोटे' या तर्कशास्त्रातल्या दोन मूल्यांसारखी मानता येईल का? मानली, तर अशा पेशींच्या जाळ्याला काय काय 'ओळखता' येईल?

त्यांची चेतापेशी खऱ्या पेशीच्या मानाने फारच सोपी होती, आणि आज कोणीही मेंदू तसा चालतो असे म्हणत नाही. पण प्रश्न पुढे सरकला. पेशींच्या जाळ्यात जर वळसे असतील, म्हणजे एका पेशीचा संदेश फिरून तिच्याचकडे येत असेल, तर ते जाळे बऱ्याच आधी घडलेल्या गोष्टीचीही आठवण ठेवू शकते. मग त्याच्या आठवणीला मर्यादा कोणती?

याचे स्वच्छ उत्तर दिले स्टीफन कोल क्लेनी या तर्कशास्त्रज्ञाने. (नावाच्या इंग्रजी अक्षरांवरून बहुतेकजण 'क्लीन' म्हणतात. ते स्वतः 'क्लेनी' म्हणत.) क्लेनी विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवत. १९५१ च्या उन्हाळ्यात ते कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका येथील रँड कॉर्पोरेशन या संशोधनसंस्थेत काम करायला गेले. मॅकलक-पिट्स यांचा निबंध तिथे त्यांच्यासमोर आला. त्या वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी आपले टिपण लिहून पूर्ण केले. ते छापून यायला मात्र १९५६ उजाडले.

क्लेनींनी दाखवले की अशा जाळ्याला जे जे ओळखता येते ते सगळे फक्त तीन क्रियांनी लिहिता येते : एकामागून एक, हे किंवा ते, आणि पुन्हा पुन्हा. उलट दिशेनेही ते खरे आहे. या तीन क्रियांनी जे जे लिहिता येईल ते ओळखणारे जाळे बनवता येतेच. 'पुन्हा पुन्हा' या क्रियेसाठी त्यांनी तारका वापरली. अशा वर्णनांना त्यांनी 'रेग्युलर' हे विशेषण लावले, आणि याहून समर्पक शब्द कोणाला सुचला तर कळवावे असेही लिहून ठेवले. तसा शब्द काही रूढ झाला नाही. त्यामुळे आजही 'यात नियमित ते काय?' हा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि शिक्षकांना उत्तर देता येत नाही.

खडूची वर्तुळे

क्लेनींचे प्रमेय वर्गात करून पाहता येते. फरशीवर खडूने तीन वर्तुळे काढा. पहिल्यापासून दुसऱ्याकडे बाण काढून त्यावर 'क' लिहा. दुसऱ्या वर्तुळातून निघून त्याच वर्तुळात परत येणारा बाण काढून त्यावर 'ख' लिहा. दुसऱ्यापासून तिसऱ्याकडे 'ग'. एका विद्यार्थ्याला पहिल्या वर्तुळात उभे करा. बाकीच्यांनी एकेक अक्षर पुकारायचे आणि त्याने बाणाप्रमाणे चालायचे. पुकारलेल्या अक्षराचा बाण नसेल तर तो बाद.

'कग' पुकारले तर तो तिसऱ्या वर्तुळात पोचतो. 'कखग', 'कखखखखग' यांनीही पोचतो. 'खकग'ने पहिल्याच पावलाला बाद. म्हणजे ही तीन वर्तुळे म्हणजेच कख*ग हे सूत्र. गणितात आपण सांत संच आणि अनंत संच शिकवतो. इथे वर्तुळे सांत आहेत, पण त्यांनी ओळखलेल्या शब्दांचा संच अनंत आहे. याला 'सांत यंत्र' म्हणू.

आता दुसऱ्या वर्तुळात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला विचारा, किती वेळा 'ख' पुकारला गेला? यंत्राच्या नियमाप्रमाणे त्याला ते सांगता येत नाही. आपण कोणत्या वर्तुळात आहोत एवढीच त्याची स्मृती आहे. म्हणून 'जितके क तितकेच ख' हे ओळखणारे सांत यंत्र बनत नाही. समजा वर्तुळे दहा आहेत. नुसते 'क' पुकारत गेलो तर दहा पावलांत कोणत्या तरी वर्तुळात तो दुसऱ्यांदा येणारच. त्या दोन भेटींतला फरक त्याला कळणार नाही आणि मोजणी तिथे बिघडेल. अकरा कबुतरे आणि दहा खुराडी, तेच हे तत्त्व. गणितातले एकात एक असलेले कंस नीट जुळले आहेत का, हे निव्वळ नमुनासूत्राने का तपासता येत नाही, तेही यातूनच समजते.

१९५९ मध्ये मायकेल रेबिन आणि डेना स्कॉट यांनी या यंत्राला एक विलक्षण सवलत दिली. एकाच अक्षराचे दोन बाण दोन वेगळ्या वर्तुळांकडे गेले तर? यंत्र 'एकाच वेळी दोन्हीकडे' असू शकते असे त्यांनी मानले, आणि तरीही त्याची ताकद साध्या सांत यंत्रापेक्षा वाढत नाही हे सिद्ध केले. त्या वेळी हे शुद्ध गणित होते. १९७६ साली दोघांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तो या कामासाठीच.

चार पानांचा निबंध

इथून गोष्ट संपादनाकडे वळते. साठीच्या दशकात अमेरिकेत काही संगणकांना एकाच वेळी अनेकांनी दुरून वापरण्याची सोय आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे तेव्हा क्यूईडी नावाचा मजकूर-संपादक तयार झाला. केन टॉम्पसन हा तरुण तिथून १९६६ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये गेला. त्याने आयबीएम ७०९४ या संगणकावरच्या सीटीएसएस प्रणालीसाठी क्यूईडी नव्याने लिहिला आणि त्यात शोधासाठी क्लेनींची तारका आणून बसवली. चेतापेशींसाठी निघालेली चिन्हे आता मजकुरावर चालू लागली.

ही कल्पना सुचणे एक आणि ती वेगाने चालवणे दुसरे. जून १९६८ मध्ये टॉम्पसनने आपली रीत चार पानांच्या निबंधात मांडली. ती समजण्यासाठी पुन्हा खडू हातात घेऊ.

'?' या चिन्हाचा अर्थ 'असले तर असले, नसले तर नसले' असा घ्या. सूत्र आहे क?क?क?ककक आणि तपासायचा शब्द आहे 'ककक'. उत्तर अर्थात 'जुळते' : पहिले तीन ऐच्छिक 'क' सोडून द्यायचे. सात वर्तुळे एका ओळीत काढा आणि प्रत्येकातून पुढच्याकडे 'क'चा बाण काढा. पहिल्या तीन वर्तुळांतून मात्र काहीही न पुकारता फुकटात पुढे सरकायलाही परवानगी आहे.

पहिली पद्धत : एकच विद्यार्थी चालेल. प्रत्येक ऐच्छिक जागी तो आधी 'क' खर्च करून पाहील. अडला तर मागे येईल, ती जागा फुकटात ओलांडील आणि पुन्हा प्रयत्न करील. तीन जागा, प्रत्येकी दोन पर्याय. म्हणजे आठ वाटा. नशीब असे की बरोबर वाट सगळ्यांत शेवटची आहे.

दुसरी पद्धत टॉम्पसनची : जिथे जिथे असणे शक्य आहे तिथे तिथे एकेक विद्यार्थी उभा करा. सुरुवातीला १, २, ३, ४ या वर्तुळांत चौघे उभे राहतात, कारण पहिल्या तीन जागा फुकटात ओलांडता येतात. पहिला 'क' पुकारला की सगळे एकदम सरकतात : आता २, ३, ४, ५. दोघे एकाच वर्तुळात आले तर एकाने खाली बसायचे, कारण दोघांचे भविष्य सारखेच आहे. दुसऱ्या 'क'ला ३, ४, ५, ६. तिसऱ्या 'क'ला ४, ५, ६, ७. सातव्यात कोणीतरी पोचले, शब्द जुळला. शब्द एकदाच पुकारला गेला आणि कोणालाही मागे फिरावे लागले नाही.

तीनसाठी आठ वाटा म्हणजे काहीच नाही. तीनऐवजी एकोणतीस घ्या. पहिल्या पद्धतीत २ चा २९ वा घात, म्हणजे ५३,६८,७०,९१२ वाटा होतात. दुसऱ्या पद्धतीत ५९ वर्तुळे आणि २९ पुकारे. सगळी वर्तुळे भरली असे धरले तरी १७११ सरकी. रेबिन आणि स्कॉट यांचे 'एकाच वेळी दोन्हीकडे' हे इथे कामाला आले. हा फरक लक्षात ठेवा. पुढे तो महागात पडणार आहे.

एका अक्षराच्या आज्ञा

१९६९ मध्ये युनिक्स या प्रणालीचा जन्म झाला, तेव्हा टॉम्पसनने तिच्यासाठी 'ईडी' नावाचा छोटा संपादक लिहिला. तेव्हा पडदे दुर्मिळ होते. टेलिप्रिंटरवर आज्ञा टंकायची आणि उत्तर कागदावर छापून यायचे, सेकंदाला सुमारे दहा अक्षरे. अशा यंत्रावर बोलणे जितके कमी तितके बरे. म्हणून ईडीच्या आज्ञा एकेका अक्षराच्या होत्या, आणि तुमचे काही चुकले तर तो फक्त एक प्रश्नचिन्ह छापायचा. काय चुकले ते तुमचे तुम्ही शोधा.

त्या आज्ञांत एक अशी होती : 'सगळ्या मजकुरात, अमुक नमुनासूत्र जुळणाऱ्या ओळी, छाप'. ग्लोबल, रेग्युलर एक्स्प्रेशन, प्रिंट या शब्दांची आद्याक्षरे जोडून 'ग्रेप' हा शब्द झाला, आणि याच नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम १९७३ मध्ये युनिक्समध्ये आला. तो कसा आला याच्या दोन हकिकती सांगितल्या जातात. डग मॅकिलरॉय म्हणतात, त्यांनी टॉम्पसनला ही सोय ईडीतून वेगळी काढायला सुचवले आणि दुसऱ्या दिवशी ग्रेप तयार होते. टॉम्पसनकडे स्वतःपुरता तसा प्रोग्रॅम आधीच होता. ब्रायन कर्निहन यांची हकिकत आम्हाला अधिक आवडते, कारण तिच्यात इतिहासाचा एक जुना वाद आहे.

अमेरिकेची राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून १७८७-८८ मध्ये ८५ निबंध टोपणनावाने प्रसिद्ध झाले. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे हे त्यांचे लेखक. त्यांपैकी बारा निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे हा वाद दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला. १९६४ मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी तो किरकोळ शब्द मोजून जवळजवळ निकालात काढला. इंग्रजीतले 'अपॉन' हे अव्यय हॅमिल्टन हजार शब्दांत सुमारे तीनदा वापरतो, मॅडिसन क्वचितच. 'व्हाइल' आणि 'व्हाइल्स्ट' या एकाच अर्थाच्या दोन रूपांपैकी हॅमिल्टन पहिले वापरतो, मॅडिसन दुसरे. वादातले निबंध मॅडिसनच्या बाजूला गेले. विचार लपवता येतात, पण 'आणि', 'पण', 'वर' यांच्या सवयी लपत नाहीत.

बेल लॅबोरेटरीजमधल्या ली मॅकमॅहन यांना हेच निबंध संगणकावर तपासायचे होते. पण त्या काळच्या छोट्या संगणकात एवढा मजकूर ईडीला एकदम उघडताच येईना. ग्रेपला सगळा मजकूर उघडावा लागत नाही. तो एक ओळ वाचतो, जुळली तर छापतो आणि विसरतो. सांत यंत्राची ती 'फक्त वर्तुळ आठवते' अशी तुटपुंजी स्मृती इथे गुण ठरली. पुढे मॅकमॅहन यांनीच 'सेड' हा प्रोग्रॅम लिहिला. तो मजकूर वाहत्या पाण्यासारखा एका बाजूने घेतो, सूत्राप्रमाणे बदल करतो आणि दुसऱ्या बाजूने सोडतो. १९७७ मध्ये एहो, वाइनबर्गर आणि कर्निहन यांचा 'ऑक' आला. त्याचे नाव तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांचे आहे.

विसरलेले प्रमेय

१९८६ मध्ये टोरांटोच्या हेन्री स्पेन्सर यांनी नमुनासूत्रे चालवणारा एक प्रोग्रॅम स्वतंत्रपणे लिहून सर्वांना मोफत दिला. तो सुटसुटीत होता, सर्वत्र पसरला, आणि तो पहिल्या पद्धतीचा होता : एकच विद्यार्थी, अडला की मागे. पर्ल या भाषेने त्यावर आधारलेली रचना घेतली आणि पुढच्या अनेक भाषांनी पर्लचे अनुकरण केले.

या मंडळींना गणित येत नव्हते असे मुळीच नाही. मागे फिरणाऱ्या पद्धतीत एक गोष्ट सहज जमते, जी सांत यंत्राला जमत नाही. मराठीतच पाहा : हळूहळू, गरगर, झरझर, चमचम. 'जे काही असेल ते, आणि तेच पुन्हा' असे यांचे वर्णन आहे, आणि ते (.+)\१ असे लिहितात. अधिकचिन्ह म्हणजे एक किंवा अधिक वेळा, आणि \१ म्हणजे 'पहिल्या कंसात जे सापडले तेच'. यासाठी कंसात काय सापडले ते अक्षरशः लक्षात ठेवावे लागते, मग ते कितीही लांब असो. खडूच्या वर्तुळांत ती जागाच नाही. सोय खरी आहे आणि ती सगळ्यांना हवी होती. ईडीमध्येही ती होती. पण तिच्यासाठी जी पद्धत पत्करली ती अशा सूत्रांसाठीही वापरली जाऊ लागली ज्यांना तिची काहीच गरज नव्हती. आमच्या मते घोटाळा तिथे झाला.

जानेवारी २००७ मध्ये रस कॉक्स यांनी वर पाहिलेलाच एकोणतीस 'क'चा प्रयोग प्रसिद्ध केला. पर्लला मिनिटाहून अधिक वेळ लागला. टॉम्पसनच्या १९६८ च्या रीतीला लागले वीस मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागाइतका वेळ. असली सूत्रे प्रत्यक्षात कोण लिहितो, असा आक्षेप तेव्हा सहज घेता आला असता.

२० जुलै २०१६ रोजी प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांचे स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले. कारण होते ओळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या मोकळ्या जागा काढून टाकणारे एक साधे सूत्र. कोणीतरी लिहिलेल्या मजकुरात सलग सुमारे २०,००० मोकळ्या जागा होत्या, पण ओळीच्या शेवटी नव्हे. त्यांच्यापुढे आणखी एक अक्षर होते. प्रोग्रॅम पहिल्या जागेपासून वीस हजार जागा चालत गेला. शेवट नाही म्हणून परत आला. मग दुसऱ्या जागेपासून १९,९९९, तिसऱ्यापासून १९,९९८. ही बेरीज आपण नववी-दहावीला शिकवतो : २०,००० × २०,००१ ÷ २. उत्तर २० कोटी १० हजार येते.

२ जुलै २०१९ रोजी याहून मोठा प्रसंग घडला. क्लाउडफ्लेअर ही कंपनी जगभरच्या असंख्य संकेतस्थळांची रहदारी आपल्या यंत्रांतून नेते. हल्ले ओळखण्यासाठी तिने एक नवे सूत्र सर्व यंत्रांवर एकदम चढवले. त्यातला घातक तुकडा होता .*.*=.* हा. 'काहीही कितीही, पुन्हा काहीही कितीही, मग बरोबरचे चिन्ह'. पहिले 'काहीही' कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते याला असंख्य पर्याय आहेत, आणि बरोबरचे चिन्ह सापडले नाही तर मागे फिरणारी पद्धत ते सगळे तपासते. कंपनीची यंत्रे जगभर एकाच वेळी पूर्ण क्षमतेने गुंतून पडली. २७ मिनिटे असंख्य संकेतस्थळे उघडत नव्हती. नंतर कंपनीने जाहीर केलेल्या उपायांपैकी एक असा : वेळेची हमी देणाऱ्या रीतीचा प्रोग्रॅम वापरायचा. म्हणजे टॉम्पसनच्या घराण्याचा. कॉक्स यांनी तसा एक २०१० मध्ये सर्वांसाठी खुला केलेला होताच.

अक्षर म्हणजे काय?

आता थोडे आपल्या लिपीबद्दल. मराठी मुद्रणालयांत युनिकोडच्या आधी, आणि नंतरही बरीच वर्षे, जे फाँट वापरात होते त्यांत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असत. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून ती आधी. रफार डोक्यावर शेवटी काढतात, म्हणून तो नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा आहे : 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी. जुना मजकूर नव्या संकेतात आणताना एकास एक चिन्ह बदलून भागत नाही, वेलांटी जागची उचलून पुढे न्यावी लागते. किती पुढे? 'दिवस'मध्ये एका अक्षरापलीकडे. 'स्थिती'मध्ये अर्धा स आणि थ ओलांडून. 'स्त्रिया'मध्ये अर्धा स, अर्धा त आणि र ओलांडून. म्हणजे सूत्र असे : वेलांटी, मग कंसात (अर्धाक्षर)* आणि एक पूर्ण व्यंजन, आणि त्याच्या बदली 'कंसात सापडले ते, मग वेलांटी'. क्लेनींची तारका इथे नेमकी बसते, कारण जोडाक्षरात अर्धी अक्षरे किती असतील हे आधी सांगता येत नाही. रफारासाठी असाच उलटा प्रवास करावा लागतो, आणि तिथे 'वर्षी'सारख्या शब्दात मधली वेलांटीही ओलांडावी लागते. हे करून पाहण्यासारखे आहे. जुन्या फायलींत अडकलेल्या शालेय अंकांची आणि स्मरणिकांची सुटका अशाच सूत्रांनी होते.

पण सांत यंत्राला एक गोष्ट बाहेरून द्यावी लागते : अक्षर कशाला म्हणायचे. युनिकोडच्या दृष्टीने काना, मात्रा, वेलांटी, हलन्तचिन्ह ही सगळी स्वतंत्र चिन्हे आहेत. टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर असे आम्ही वर लिहिले. प्रत्यक्षात ते कोणतेही एक चिन्ह असते. 'मराठी' हा तीन अक्षरांचा शब्द तीन टिंबांत मावत नाही, त्याला पाच लागतात. 'विज्ञान'ला सात, 'स्त्री' या एका अक्षराला सहा. कधी हे फायद्याचेही पडते. 'पाणी' आणि 'पाण्यात' यांचा सामाईक भाग चिन्हांच्या हिशेबात 'पाण' आहे, म्हणून पाण, मग दीर्घ वेलांटी किंवा 'हलन्त-य-काना', एवढ्या सूत्राने 'पाणी', 'पाण्याला', 'पाण्यावर' सगळे सापडतात. शाळेचे काम तर चौकटी कंसात काना आणि मात्रा घालून होते.

पूर्ण दृश्य अक्षर मोजण्यासाठी युनिकोडने वेगळे नियम केले आहेत, आणि काही भाषांत त्यांच्यासाठी टिंबासारखे स्वतंत्र चिन्हही आहे. मात्र बरीच वर्षे हे नियम जोडाक्षर हलन्ताशी तोडत होते. त्यांच्या हिशेबाने 'स्त्री'चे तीन तुकडे व्हायचे : स्, त् आणि री. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीने देवनागरी, बंगाली, गुजराती आणि आणखी काही भारतीय लिप्यांसाठी नियम बदलला, आणि 'स्त्री' एक अक्षर झाली. सगळे प्रोग्रॅम या नियमावर अजून आलेले नाहीत.

तुमच्या संगणकावर एक छोटा प्रयोग करता येईल. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. हा भेद मराठीचा खास. दुसऱ्या शब्दातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एका स्वतंत्र चिन्हाने, किंवा साध्या 'र'ला नुक्ता जोडून. प्रमाणाप्रमाणे दोन्ही समान आहेत आणि डोळ्यांनाही सारखेच दिसतात. एका फायलीत दोन्ही प्रकारे 'दऱ्या' लिहा, मग शोधा. काही संपादक दोन्ही दाखवतील, काही एकच.